पोट दुखतं तेव्हा घरात काय चाललेलं असतं?

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक फाइल हमखास बघायला मिळते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मानाने ती भलतीच जाड असते. रक्ताचे, लघवीचे, शौचाचे रिपोर्ट, दोन-तीन सोनोग्राफी, क्वचित एंडोस्कोपीसुद्धा. जंताचं औषध दोनदा देऊन झालेलं, ॲसिडिटीचं सिरप चालू, आजीने बेंबीभोवती हिंगाचा लेप लावलेला, शनिवारी दृष्टही काढलेली. सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि तरी मूल म्हणतं, दुखतंय. ‘कुठे दुखतंय?’ विचारलं की बेंबीवर तळहात ठेवतं.

एव्हाना घरात दोन तट पडलेले असतात. एकाचं म्हणणं, ‘काहीतरी मोठं आहे, यांना सापडत नाही, मुंबईला दाखवू.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘शाळा बुडवायची नाटकं आहेत. लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल.’ दोघांचंही चुकतं. मुलाचं पोट खरोखर दुखत असतं, आणि बहुतेक वेळा आत मोठा आजारही नसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे घरातल्यांना पटवणं हा उपचारातला सगळ्यात अवघड भाग.

या दुखण्याचा पहिला नीट हिशेब इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मांडला गेला. जॉन ॲप्ली हे तिथले बालरोगतज्ज्ञ. रुग्णालयात येतात तेवढ्याच मुलांवरून अंदाज बांधण्यापेक्षा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी डॉ. नेश यांनी शाळांमधल्या एक हजार मुलांची पाहणी केली आणि १९५८ साली ती प्रसिद्ध केली. त्यांचा निकष सोपा होता. कमीत कमी तीन महिन्यांच्या काळात निदान तीनदा, खेळणं-शाळा-जेवण अडेल इतकं पोट दुखलेलं असलं पाहिजे. या निकषात १०.८ टक्के मुलं बसली. चाळीस पटाच्या वर्गात चार मुलं. रुग्णालयात दाखल करून कसून तपासलेल्या मुलांमध्ये मात्र शंभरात जेमतेम आठांच्या दुखण्यामागे शारीरिक आजार निघाला. अशा मुलांच्या आई-वडिलांत आणि भावंडांतही पोटदुखी, डोकेदुखीच्या तक्रारी जास्त होत्या. ॲप्लींनी सांगितलेला एक ठोकताळा डॉक्टर आजही वापरतात. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी शारीरिक आजाराची शक्यता जास्त.

हे फक्त श्रीमंत देशांतल्या मुलांचं दुखणं आहे असं समजायचं कारण नाही. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०१५ मध्ये काढलेला आकडा साडेतेरा टक्क्यांचा होता. मलेशियात तो दहाच्या आसपास येतो. श्रीलंकेत डॉ. निरंगा देवनारायण आणि डॉ. शमन राजिंद्रजित यांनी दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांना प्रश्नावल्या दिल्या, तेव्हा साडेबारा टक्के मुलांना अशा पोटदुखीच्या गटातला एखादा तरी त्रास होता.

आता मुद्दा घराचा.

आयुष्यातल्या मोठ्या घडामोडींचा आणि आजारांचा संबंध मोजण्याचा प्रयत्न होम्स आणि राहे या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ मध्ये केला. त्यांची यादी मोठ्या माणसांसाठी होती. पाच वर्षांनी डीन कॉडिंग्टन यांनी मुलांसाठी वेगळी यादी केली. तिच्यात आई-वडिलांचा मृत्यू, घटस्फोट, आजारपण या गोष्टी होत्याच, पण धाकट्या भावंडाचा जन्मही होता. म्हणजे घरात पेढे वाटले जातात ती घटनासुद्धा मुलाच्या बाजूने ताणाची ठरू शकते, हे त्यांनी गृहीत धरलं. पुढे मलेशियातले डॉ. बोई आणि डॉ. गोह यांनी शहरी शाळांत अशाच याद्या घेऊन पाहणी केली. २००१ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत, घरातलं कुणी रुग्णालयात दाखल होणं, आई किंवा वडिलांचं काम बदलणं, परीक्षेत नापास होणं आणि शाळेत दादागिरी सोसावी लागणं या गोष्टी वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांच्या वाट्याला जास्त आलेल्या दिसल्या. श्रीलंकेच्या पाहणीतही ताणाच्या घटना आणि पोटदुखी यांचं नातं दिसलं.

याचा अर्थ, घरात संकट आलं की मुलाचं पोट दुखणारच, असा नाही. पुष्कळ मुलं मोठमोठ्या प्रसंगांतून जातात आणि त्यांच्या पोटाला काही होत नाही. उलट काही मुलांच्या घरी शोधूनही मोठी घटना सापडत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात लिन वॉकर यांनी या कोड्याचा वेगळ्या बाजूने शोध घेतला. मोठ्या घटनांऐवजी त्यांनी मुलांना त्या-त्या दिवसाचं विचारलं. आज काय बिनसलं? भांडण झालं का, गृहपाठ राहिला का, कुणी ओरडलं का? पोट दुखणाऱ्या मुलांच्या दिवसात अशा कुरबुरी जास्त होत्या, आणि कुरबुरी व दुखणं यांचा सांधाही त्यांच्यात अधिक घट्ट होता.

मोठी माणसं घटनेकडे पाहतात, मूल मात्र तिच्यामुळे बदललेला आपला दिवस जगत असतं. आजी रुग्णालयात आहे, ही मोठ्यांची बातमी. मुलाच्या लेखी त्याचा अर्थ असा, की आई पहाटेच डबा घेऊन निघून गेली, वेणी शेजारच्या काकूंनी घातली आणि ती घट्ट बसली नाही, शाळेतून आल्यावर दाराला कुलूप आहे, आणि बाबा फोनवर कुणाशी तरी पैशांबद्दल हळू आवाजात बोलताहेत. वडिलांची नोकरी गेली, की क्लास बंद होतो, रिक्षाकाका येईनासे होतात, आणि ‘कुणाला सांगायचं नाही’ अशी तंबी मिळते. ती तंबी सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं. मूल या गोष्टींची यादी करून सांगू शकत नाही. सकाळी पोट दुखतं, एवढंच सांगतं.

आपल्याकडे कुणी मुलांसाठी अशी यादी करायला बसलं, तर तिच्यात परदेशी याद्यांत नसलेल्या गोष्टी घालाव्या लागतील. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि कित्येक मुलं पुढचे काही महिने आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मोठ्यांच्या दृष्टीने हे दरवर्षीचंच, त्यामुळे ‘घरात काही विशेष घडलंय का?’ या प्रश्नाला आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. शिष्यवृत्ती परीक्षा, मराठी शाळेतून अचानक इंग्रजी शाळेत घातलं जाणं, एकत्र कुटुंबाची वाटणी होऊन चुलत भावंडांशी बोलणं बंद होणं, या सगळ्याला त्या यादीत जागा हवी.

बाळाचं पहिलं वर्षही यात येतं. ॲप्लींच्याच ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमाराला जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. त्यातल्या आठ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून पॉल रामचंदानी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की बाळाच्या पहिल्या वर्षात आई किंवा वडील फार चिंताग्रस्त असतील, तर ते मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर त्याला वारंवार पोटदुखी असण्याचं प्रमाण वाढतं. यात वडिलांचंही नाव आहे, हे लक्षात घेण्याजोगं. बाळंतिणीला दोष देण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं.

घरातला ताण पोटापर्यंत पोचतो कसा? अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं. त्यात दहा कोटींहून जास्त पेशी असतात आणि मेंदूशी त्यांची सतत देवाणघेवाण चाललेली असते. भीती वाटली की मेंदूतून ताणाचे संदेश सुटतात, जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. परीक्षेच्या सकाळी पोटात कालवतं आणि तीनदा शौचाला पळावं लागतं, ते यामुळेच. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट आढळते. आतड्यात छोटा फुगा सरकवून तो हळूहळू फुगवण्याची एक चाचणी असते. इतर मुलांना ज्या दाबाला फक्त भरल्यासारखं वाटतं, त्याच दाबाला या मुलांना कळ येते. म्हणजे नेहमीचा वायू, नेहमीचं अन्न पुढे सरकणं त्यांच्या आतड्याला दुखतं. ही संवेदनशीलता कधी जुलाब-उलट्यांच्या साथीनंतर मागे राहते, कधी ताणाने वाढते, बऱ्याचदा दोन्हींनी. सोनोग्राफीत ती दिसत नाही, कारण सोनोग्राफी आतड्याचा आकार दाखवते, त्याला काय जाणवतं ते नाही.

सोनोग्राफीबद्दल आणखी थोडं. आपल्याकडे अशा मुलाच्या रिपोर्टवर ‘मेसेंटरिक नोड्स’ हे शब्द वारंवार येतात. पालक ते वाचतात, ‘पोटात गाठी निघाल्या’ ही बातमी नातेवाइकांत पसरते आणि कुणीतरी टीबीचं नाव काढतं. आतड्याजवळच्या छोट्या लसीका ग्रंथी निरोगी मुलांतही दिसतात, साध्या विषाणूच्या तापानंतर तर सर्रास दिसतात. ताप, वजनातली घट, खोकला, घरात टीबीचा रुग्ण असं काही नसेल, तर त्या गाठींवरून टीबीची औषधं सुरू करणं म्हणजे मुलाच्या दुखण्यात भर घालणं. रिपोर्टवरच्या त्या एका ओळीने किती घरांची झोप उडाली असेल, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारावं.

शारीरिक आजाराची शंका घ्यायची ती ठरावीक खुणांवरून. दुखण्याने मूल गाढ झोपेतून उठतं, दुखणं बेंबीपासून लांब एका ठरावीक जागी असतं, वजन उतरतं किंवा उंची थांबते, शौचातून रक्त जातं, उलट्या थांबत नाहीत किंवा त्या हिरव्या होतात, ताप रेंगाळतो, सांधे सुजतात, गिळायला त्रास होतो, घरात कुणाला आतड्याचा दीर्घ आजार किंवा सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) आहे. यातली एक जरी खूण असली तर तपासण्या हव्यातच, मग घरात कितीही ताण असो. कारण ताण असलेल्या मुलालाही टीबी होतो, ॲपेंडिक्स होतं. घरी भांडणं चालू आहेत म्हणून पोटदुखी मनाचीच, असं परस्पर ठरवणं तितकंच घातक.

आणि एक अगदी साधं कारण, जे घाईत निसटतं. सकाळी सातची शाळा, सहा वाजता उठवलेलं मूल, दूध पिऊन थेट व्हॅनमध्ये. शौचाला बसायला वेळच नाही. शाळेचं स्वच्छतागृह अस्वच्छ, कडी मोडलेली, म्हणून तिथे जायचं नाही, आणि स्वच्छतागृहात जायला लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. महिनाभरात बद्धकोष्ठ होतो. ‘रोज होते का?’ या प्रश्नाला आई ‘हो’ म्हणते, कारण मूल रोज जाऊन येतं. कडक गोळ्या होतात की साफ होते, हे विचारलं की चित्र पालटतं. यावर उपाय आहे आणि तो लवकर लागू पडतो.

पण प्रश्नांच्या क्रमात आपण सगळ्यात जास्त गल्लत करतो. आधी रक्त, मग सोनोग्राफी, मग एंडोस्कोपी, आणि सगळं नॉर्मल आल्यावर शेवटच्या भेटीत डॉक्टर विचारतात, ‘घरी काही टेन्शन आहे का?’ तोवर सहा महिने आणि बरेच पैसे गेलेले असतात. त्या क्षणी हा प्रश्न आई-वडिलांना आरोपासारखा लागतो, आणि मुलाला वाटतं, आपल्याला खोटं ठरवलं. हाच प्रश्न पहिल्या भेटीत, शौच-लघवी-भूक-झोप यांच्या रांगेत सहज विचारला, तर कुणालाच टोचत नाही. ‘गेल्या सहा महिन्यांत घरी, शाळेत काय-काय बदललं? सकाळी कोण उठवतं, शाळेतून कोण आणतं, रात्री कुणाजवळ झोपतो?’ अशा प्रश्नांना उत्तरं मिळतात. आणि मोठ्या मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलता आलं, तर आईसमोर न निघणाऱ्या गोष्टीही निघतात. श्रीलंकेतल्याच पुढच्या एका पाहणीत शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या किशोरवयीन मुलांत अशा पोटाच्या तक्रारी जास्त आढळल्या होत्या. म्हणून ती पाच मिनिटं टाळता कामा नयेत. असं काही निघालं, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे.

मग पालकांनी करायचं काय? इथे लिन वॉकर यांचा २००६ सालचा प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. पोटदुखीचा त्रास असलेली आणि नसलेली अशी दोन्ही प्रकारची मुलं त्यांनी बोलावली. प्रत्येक मुलाला, पोट अगदी गच्च भरल्यासारखं वाटेपर्यंत पाणी प्यायला सांगितलं. त्यामुळे पोटात अस्वस्थ वाटतं, पण अपाय होत नाही. मग आई किंवा वडील खोलीत आले. काही पालकांना आधी शिकवून ठेवलं होतं, की मुलाची विचारपूस करा, सहानुभूती दाखवा. काहींना शिकवलं होतं, की तक्रार आली तरी विषय दुसरीकडे न्या. उरलेल्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ‘खूप दुखतंय का रे?’ अशी काळजी घेतली गेली, त्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. ज्यांचं मन दुसरीकडे वळवलं, त्यांच्या निम्म्यावर आल्या. त्यातलं पुढचं निरीक्षण जास्त हृदयस्पर्शी आहे. पोट दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटत होतं, की असं लक्ष वळवल्याने मुलाला वाईट वाटलं असेल. मुलं म्हणाली, उलट बरं वाटलं.

हे दुर्लक्ष नव्हे, हे नीट समजून घ्यायला हवं. ‘दुखतंय हे मला माहीत आहे, आपण डॉक्टरांना दाखवलंय, घाबरण्यासारखं नाही’ एवढं एकदा स्पष्ट सांगायचं आणि मग दर तासाला पोटाची चौकशी थांबवायची. दुखलं म्हणून घरी ठेवलं आणि त्या दिवशी मोबाइल, मऊ भात, आईची रजा असं सगळं मिळालं, तर पोट त्याच वाटेने जायला शिकतं, मुलाने न ठरवतासुद्धा. त्यापेक्षा शाळेत पाठवावं, वर्गशिक्षिकेला सांगून ठेवावं की दुखलं तर दहा मिनिटं बसू द्या आणि पुन्हा वर्गात घ्या. आईची रजा आणि लाड जरूर असावेत, पण ते न दुखणाऱ्या दिवशी.

आणि घरातली गोष्ट मुलाला सांगावी, त्याला पेलेल अशा शब्दांत. ‘बाबांचं ऑफिस बंद झालंय, ते दुसरं काम शोधताहेत, तुझी शाळा बदलणार नाही’ हे वाक्य सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. न सांगितलेली गोष्ट त्याने आधीच अर्धी ऐकलेली असते, आणि उरलेली अर्धी त्याने स्वतः रचलेली असते. ती रचलेली अर्धी बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असते.

औषधांचा वाटा इथे लहान आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ॲमिट्रिप्टिलिन या औषधाची नव्वद मुलांवर चाचणी झाली. औषधाने ६३ टक्के मुलांना बरं वाटलं, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने साडेसत्तावन्न टक्के. नेदरलँड्समध्ये डॉ. आरिने फ्लीखर यांनी २००७ साली पोटावर मन एकाग्र करायला शिकवणारी संमोहनाची पद्धत वापरली. एका वर्षाने त्या गटातली ८५ टक्के मुलं बरी होती, नेहमीच्या उपचारांच्या गटातली २५ टक्के. सिॲटलमध्ये रोना लेव्ही यांनी २०० मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर काम केलं, तेही फक्त तीन बैठकांत. मुलांना श्वासाचे आणि अंग सैल सोडण्याचे व्यायाम, पालकांना दुखण्याच्या वेळी कसं वागायचं याचं शिक्षण. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत, पालकांच्या सांगण्यानुसार, मुलांचं दुखणं कमी झालं होतं.

लेव्हींनी पुढे फक्त पालकांना घेतलं, आणि काहींना तर फक्त फोनवरून. २०१७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पोटाच्या तक्रारींची तीव्रता फारशी बदलली नव्हती, पण शाळा बुडणं आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. ज्या तालुक्यात बालमानसतज्ज्ञ नाही तिथल्या पालकांसाठी ही आशेची गोष्ट आहे. अशा ठिकाणचे डॉक्टर महिनाभर आठवड्यातून एकदा पालकांना दहा मिनिटांचा फोन करू शकतात. किती दिवस शाळेत गेला, किती वेळा पोटाची चौकशी केली, सकाळी शौचाला किती वेळ दिला, एवढंच विचारायचं. त्यापलीकडे आई-वडिलांनाच आधाराची गरज असेल, चिंता असेल, दारू असेल, मार असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो, रात्रीबेरात्रीसुद्धा.